शुद्धिपत्र

आपले नाव छापलेले पाहण्याची हौस कोणाला नसते? लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली छापलेले चार वर्षांच्या पोराचे नावसुद्धा त्याची आई वर्षानुवर्षे जपून ठेवते. आमच्या घरी तर ही हौस पिढीजात आहे. माझे वडील पोस्टात पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. त्यांचे नाव आयुष्यात एकदाच छापून आले, तेही वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांत. रेडिओवर नाट्यगीते सकाळी लावावीत अशी त्यांनी नम्र सूचना केली होती. नाट्यगीते सकाळी लागली नाहीत. पण ते कात्रण मात्र बाबांच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे अजून आहे.

अशा घरात २०१७ सालच्या एप्रिलमध्ये माझा पहिला संशोधनलेख छापून आला, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना आपण करू शकाल. पण ती गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी.

मी तेव्हा अन्नशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय अगदी घरगुती: पालेभाज्यांतले लोह, आणि भाजी लोखंडी कढईत शिजवली तर त्यात पडणारा फरक. आई म्हणे, "हे शोधायला विद्यापीठ कशाला हवं? माझ्या आजीला विचारलं असतंस तर तिनं फुकट सांगितलं असतं!" सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे, दुपारी प्रयोगशाळेत भाज्या वाळवून त्यांची भुकटी करायची आणि रात्री उभ्याने लोकलचा प्रवास करत डोंबिवलीला परतायचे, असा क्रम तीन वर्षे चालला होता. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. अडले होते ते एका लेखापाशी. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी निदान एक लेख संशोधनपत्रिकेत, म्हणजे जर्नलमध्ये, छापून आलेला असावा लागे.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. संशोधनपत्रिका म्हणजे साधे मासिक नव्हे. आपण लेख पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. ही मंडळी बहुधा एक पैसाही न घेता तो वाचतात, चुका काढतात, शंका विचारतात. आणि त्यांचे समाधान झाले तरच लेख छापला जातो. अशा पत्रिका पॅरिस आणि लंडन येथे १६६५ साली सुरू झाल्या. तपासणीची आजची रीत पुढे हळूहळू रुळली. या सगळ्याला वेळ लागतो. सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त. आणि माझ्याजवळ नेमका वेळच नव्हता.

अशात एके दिवशी एक ई-मेल आली. 'प्रख्यात प्राध्यापक महोदय' अशी तिची सुरुवात होती. मी प्राध्यापक नव्हते, प्रख्यात नव्हते आणि महोदय तर मुळीच नव्हते! पुढे लिहिले होते, की आपल्या बहुमोल संशोधनाने आम्ही अत्यंत प्रभावित झालो आहोत. तरी आमच्या आंतरराष्ट्रीय पत्रिकेच्या येत्या अंकासाठी आपला लेख पाठवून उपकृत करावे. माझा एकही लेख तोवर कुठे आलेला नव्हता. मग ही मंडळी प्रभावित कशाने झाली? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण खरे सांगू? स्तुती आली की माणूस तिचा पत्ता विचारत नाही. तीन वर्षांत माझ्या पालकाच्या भुकटीबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता. मी ती ई-मेल गाडीत उभ्या-उभ्या चार वेळा वाचली.

तरीही अगदीच आंधळेपणाने मी लेख पाठवला असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी जानेवारीत मान्यताप्राप्त पत्रिकांची एक यादी जाहीर केली होती. त्या यादीत या पत्रिकेचे नाव होते. मुखपृष्ठावर आय.एस.एस.एन. क्रमांक होता, 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून एक भारदस्त आकडा होता, संपादक मंडळात पाच-सहा देशांतली नावे होती. आणखी काय पाहिजे? सोमवारी लेख पाठवला. शुक्रवारी उत्तर आले, 'अभिनंदन! तज्ज्ञांनी आपला लेख कोणताही बदल न सुचवता स्वीकारला आहे.' त्याखाली बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि साडेतीन हजार रुपये भरण्याची विनंती होती. पैशाचा उल्लेख त्याआधी कुठेच नव्हता. बाबांनी निवृत्तिवेतनातून पैसे काढून दिले आणि वर म्हणाले, "ज्ञानासाठी आहेत गं, मोजू नकोस."

आठवड्याभरात लेख इंटरनेटवर आला. सोबत एक प्रमाणपत्रही आले, सोनेरी किनारीचे आणि माझ्या नावाचे. बाबांनी ते चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावले, म्हणजे येणाऱ्याची चप्पल सुटण्याआधी नजर तिथे जावी! पेढे वाटले गेले. लेख इंग्रजीत होता. इमारतीतल्या सगळ्यांना तो कसा कळणार? म्हणून बाबांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्याचा मराठी सारांश एका पानावर लिहून काढला, त्याच्या पंचवीस झेरॉक्स प्रती काढल्या आणि घरोघर स्वतः जाऊन दिल्या. पस्तीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे ज्याच्या हातून गेली, तो माणूस प्रथमच आपल्या घरची बातमी वाटत होता. मी लाजून 'नको हो बाबा' म्हणत होते. पण मनातून मला नको नव्हते.

जुलैत एके संध्याकाळी शेजारच्या काकू घरी आल्या. त्यांची सून गरोदर होती. सहावा महिना चालू होता. काकूंचा चेहरा उतरला होता. दोन महिन्यांपूर्वी सुनेचे हिमोग्लोबिन दहाच्या वर होते, ते आता आठावर आले होते. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या वेळेवर घेता ना? तेव्हा कळले, की तिने लोहाच्या गोळ्या मे महिन्यापासून बंद केल्या होत्या. गोळ्यांनी तिचे पोट बिघडत असे. आणि त्यांची गरज तरी काय होती? रोज पालकाची एक जुडी ती नेमाने खात होती. "तुझ्याच लेखात आहे ना गं ते?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. हातात बाबांच्या अक्षरातले ते पान होते.

मी ते पान घेतले. त्यावर लिहिले होते: शंभर ग्रॅम पालकात २८ मिलिग्रॅम लोह असते. शेवटी माझेच उत्साही वाक्य होते, की गरोदर स्त्रीची लोहाची गरज रोजच्या एका जुडीने भागू शकेल.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शंभर ग्रॅम ताज्या पालकात जेमतेम ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. पालकाच्या वजनात नऊ दशांशाहून अधिक भाग पाण्याचाच असतो. मी मोजले होते ते वाळवलेल्या भुकटीतले लोह. आणि तक्त्यावर 'कोरड्या वजनाचे' हे दोन शब्द घालायचे राहून गेले होते. पुढे लिहिता-लिहिता मी स्वतःच भुकटी विसरले आणि जुडीवर आले! दोन शब्द गळले आणि लोह दसपट झाले. शिवाय पालकात ऑक्झॅलेट असते. जे काही थोडे लोह आहे त्यातलेही फार थोडे अंगी लागते. गरोदरपणातल्या एका सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ही तुलना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही करता आली असती. माझा लेख एका जरी माणसाने मन लावून वाचला असता, तर ही चूक पाच मिनिटांत सापडली असती.

पण तो कोणीच वाचला नव्हता. सोमवार ते शुक्रवार या चार दिवसांत जे 'तज्ज्ञ' तो तपासत होते, ते मुळात अस्तित्वातच नव्हते.

मी त्याच रात्री काकूंकडे जाऊन सुनेला सगळे समजावून सांगितले. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, पुन्हा सुरू केल्या. ऑक्टोबरात तिला मुलगी झाली, दोघीही सुखरूप. आज ती मुलगी जिन्यात धावत असते. तिला पाहिले की मला अजूनही दोन शब्द आठवतात: 'कोरड्या वजनाचे'.

दुसऱ्या दिवशी मी त्या पत्रिकेला लिहिले, की लेखात गंभीर चूक आहे, तो कृपया मागे घ्यावा. उत्तर तत्परतेने आले: लेख मागे घेण्याचे शुल्क आठ हजार रुपये. छापायला साडेतीन हजार आणि पुसायला आठ! मी चूक दुरुस्त करणारे चार ओळींचे टिपण पाठवले. त्यावर उत्तर आले, की टिपण हा स्वतंत्र लेख समजला जाईल. त्याला साडेतीन हजार पडतील.

बाबांना हे सहन होईना. पोस्टाच्या माणसाला पत्त्याविषयी एक उपजत कुतूहल असते. त्यांनी पत्रिकेवरचा पत्ता लिहून घेतला आणि एका रविवारी दोन गाड्या बदलून तिथे जाऊन आले. आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या जागी एक दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. गॅलरीत एक आजीबाई पापड वाळत घालत होत्या. "पुतण्या काँप्युटरवर काहीतरी करतो," एवढीच माहिती त्यांना होती. त्यांनी बाबांना पाणी दिले, दोन पापडही दिले. बाबा घरी येऊन म्हणाले, "बाई चांगली होती गं." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी ते चौकटीतले प्रमाणपत्र स्वतःच उतरवले. भिंतीवर त्याचा चौकोनी डाग मात्र पुढच्या रंगापर्यंत राहिला.

मग मी या प्रकाराचा शोध घेऊ लागले. तेव्हा समजले, की या धंद्याला एक नावही आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० साली अशा पत्रिकांना 'प्रीडेटरी', म्हणजे शिकारी, म्हटले आणि त्यांची यादी करायला सुरुवात केली. ती यादी जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवरून काढून टाकण्यात आली. म्हणजे मी फसले त्याच्या तीनच महिने आधी. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक लेख ३०४ पत्रिकांकडे पाठवला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला! ज्यांच्याकडे तो गेला त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पत्रिका भारतातल्या होत्या, हे वाचून मान खाली गेली. २०१५ साली पोलंडमधल्या संशोधकांनी तर आणखी गंमत केली. 'ॲना ओ. शुस्ट' नावाची एक बाई त्यांनी कागदावर निर्माण केली आणि संपादकपदासाठी तिचा अर्ज ३६० पत्रिकांना धाडला. ४८ पत्रिकांनी तिला नेमूनही टाकले. 'ओशुस्ट' या पोलिश शब्दाचा अर्थ भामटा!

आता मागे वळून पाहताना कळते, की प्रत्येक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. आय.एस.एस.एन. हा नुसता नोंदणी क्रमांक. मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक चालवणाऱ्याविषयी काही सांगतो का? 'इम्पॅक्ट फॅक्टर' देणाऱ्या संस्थेचे नाव कोणी ऐकले नव्हते, कारण अशी नकली संस्था काढून आकडे विकणे हाही एक जोडधंदा आहे. संपादक मंडळातल्या दोघांना मी पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले, की या पत्रिकेचे नाव आपण प्रथमच ऐकत आहोत. त्याच अंकात माझ्या पालकाशेजारी सिमेंटच्या मजबुतीवर एक लेख होता आणि पुढे संत साहित्यावर एक. सगळ्याच विषयांचे स्वागत करणाऱ्या घरात कोणत्याच विषयाचा जाणकार नसतो. फी घेणे हा मात्र स्वतःहून दोष नाही. कित्येक प्रामाणिक पत्रिका ती घेतात, पण आधी उघड सांगून घेतात, आणि कित्येक मुळीच घेत नाहीत.

आणि यादी? त्या सरकारी यादीचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ पत्रिका पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासल्या. त्यांतल्या केवळ ११२ कसोटीला उतरल्या, असे २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतली ४,३०५ नावे काढून टाकली. त्यांत माझ्या पत्रिकेचेही नाव होते.

परंतु माझा लेख छापला गेला तेव्हा नाव यादीत होते. म्हणजे नियमाने माझे काम झाले होते! माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांनी अशाच लेखांवर प्रबंध सादर केले, पदव्या घेतल्या, नोकरीला लागले. मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मीही नीट वाचला नव्हता गं. 'छापून आण' एवढंच म्हटलं तुला." मग थोडे थांबून म्हणाल्या, "नियमात बसतंय. सादर करायचं तर कर. ठरव तू."

दोन रात्री मी ठरवत होते. घरात माझ्या लग्नाचे विषय निघत होते, तासिकांचे पैसे चार-चार महिने मिळत नव्हते आणि पदवीवाचून कायमची नोकरी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात काकूंची सून भेटली. हातात गोळ्यांचे पाकीट होते. "घेते आहे हं ताई," ती हसून म्हणाली. मी प्रयोगशाळेत गेले आणि ताजी पालकाची जुडी तराजूवर ठेवून पहिल्यापासून मोजायला बसले.

नवी मोजमापे, नवा लेख. या वेळी बाईंनी तो ओळ न् ओळ वाचला. पत्रिका निवडताना मी एकच केले: ग्रंथालयात बसून तिचे मागचे दहा अंक वाचले. ज्या पत्रिकेतले लेख मला स्वतःला उपयोगी पडले होते, तिच्याकडेच लेख पाठवला. चार महिने काहीच उत्तर नाही. मग दोन पाने आली. दोन अनोळखी समीक्षकांचे सतरा प्रश्न! पहिलाच प्रश्न होता: हे लोह ताज्या वजनावर आहे की कोरड्या? कढई किती जुनी होती? भाजीत चिंच किंवा टोमॅटो होता काय? कारण आंबटपणाने कढईतले लोह अधिक उतरते. शेवटच्या वाक्यापुढे लिहिले होते, 'हा निष्कर्ष आपल्या पुराव्यापलीकडे जातो, वगळावा.'

ती पाने वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आई घाबरली. "नाकारला का गं?" मी म्हटले, "नाही, आई. कोणीतरी वाचला." ज्यांचे नाव मला कधीच कळणार नाही, अशा दोन माणसांनी माझ्या पालकाच्या जुडीवर आपले दोन दिवस घालवले होते. पहिल्या पत्रिकेने मला 'प्रख्यात' म्हटले होते. या दोघांनी मला सतरा प्रश्न विचारून संशोधक मानले. लेख छापून यायला अकरा महिने लागले आणि पदवी दीड वर्ष लांबली. प्रबंधात मी एक टीप घातली, की पूर्वीच्या लेखातला आकडा चुकीचा आहे, तो कोणी वापरू नये.

आता मी स्वतः शिकवते. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.आधी लेख छापण्याची सक्ती उरली नाही. २०१९ साली नव्याने केलेली पत्रिकांची यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे विद्यार्थी विचारतात, "मॅडम, ही पत्रिका खरी की खोटी, हे आता कोणाला विचारायचं?" मी त्यांना वरच्या सगळ्या खुणा सांगते. त्यात एक माझी स्वतःची भर घालते: तुम्हाला एकही प्रश्न न विचारता जो हो म्हणतो, त्याला आणखी काही विचारण्याची गरज नाही.

बाबांचे सांगायचे राहिले. प्रमाणपत्र उतरवले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा घरोघर गेले. वाटलेल्या प्रती एकेक करून परत मागितल्या. ज्या मिळाल्या त्या घरी आणून लाल शाईने आकडा खोडला, वर '३ च्या आसपास' असे लिहिले, खाली माझे वाक्य काटले आणि समासात लिहिले: 'शुद्धिपत्र. पूर्वीच्या मजकुरात चूक झाली. क्षमस्व.' मग त्या प्रती त्यांनी पुन्हा वाटल्या. त्या तथाकथित पत्रिकेच्या संपादकाने जे आठ हजार रुपयांनाही मनापासून केले नसते, ते एका निवृत्त पोस्टमनने जिने चढून-उतरून फुकट केले.

पंचविसांपैकी चोवीस प्रती परत मिळाल्या. एक मिळाली नाही. ज्यांना दिली होती ते बिऱ्हाड जूनमध्येच नागपूरला गेले होते. बाबांनी त्यांचा नवा पत्ता मिळवून पत्र टाकले. उत्तर आले नाही. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. पण अजूनही टपाल आले की एकदा सगळी पाकिटे उलटून पाहतात.